बहिणीच्या गावाचा रस्ता

प्रत्येक माणूस एक तरी गुपित आपल्याबरोबर सरणावर घेऊन जातो, असं म्हणतात. माझंही एक आहे. ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही – बायकोला नाही, मुलीला नाही, देवाला तर नाहीच, कारण आमचं बोलणं फारसं नसतं. पण फार अपेक्षा ठेवू नका. यात खून नाही, दुसरी बाई नाही. एक गाडी आहे, हातात मावणारा एक कॉम्प्युटर आहे आणि एक चुकलेला रस्ता आहे. रस्ता तर कोणाचाही चुकतो. मग एवढं सांगायला मला सात वर्षं का लागावीत?

दमलो म्हणून सांगतो आहे, असं समजा. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द आहेत, ते सत्काराच्या भाषणात बरे दिसतात.

आधी त्या कॉम्प्युटरचं सांगतो. मी मेहकरला ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी शाल, नारळ आणि आठ इंचांचा एक टॅब दिला. शाल आणि नारळ यांचं काय करायचं ते मला ठाऊक होतं. टॅब मात्र महिनाभर खोक्यातच राहिला. मग एक दिवस मुलीनं तो सुरू करून दिला, आणि माझं काहीतरी बिघडलं. वीजबिल त्यावर, गॅसचा नंबर त्यावर, रक्तदाबाच्या गोळीची आठवण त्यावर, घरातल्या पुस्तकांची यादी त्यावर. आज वारा कुठून वाहतो आहे हे मी खिडकी न उघडता सांगू लागलो. बायको त्याला पाटी म्हणायची. "पाटीले इचारा, आज भाजी कोनती करू," असं म्हणायची – आणि मी खरंच विचारायचो.

आयुष्यभर मी बुवा-बाबांची टिंगल केली. सत्कार, फेटे, व्यासपीठं यांची केली. आणि साठीला टेकल्यावर मला माझा बुवा भेटला, तो आठ इंचांचा होता. गाडीच्या काचेला रबरी पंजा लावून मी त्याला समोर बसवला. तो बाईच्या आवाजात बोलायचा. दोनशे मीटरनंतर डावीकडे वळा. मी वळायचो. घरापासून बसस्टँडपर्यंतचा रस्तासुद्धा मी त्याला विचारत असे – तीस वर्षं पायी गेलेला रस्ता. हसू नका. किंवा हसा, पुढे फारसं हसण्यासारखं नाही.

आता मामा. माझ्या आईचे धाकटे भाऊ. सातवी शिकलेले, आणि तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर. जिल्ह्यातला रस्ता त्यांना माहीत नाही असं कधी झालं नाही. मेहकरपासून पार रोहिणखेडपर्यंत कोणत्या पुलाला कठडा नाही, कोणत्या वळणावर संध्याकाळी म्हशी बसतात – सगळं तोंडपाठ. लग्नाचं वऱ्हाड कुठूनही निघो, आदल्या दिवशी मामांना फोन यायचा – कोणत्या रस्त्यानं नेऊ? जीपमध्ये, कारमध्ये, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवरही मामा पुढे बसायचे. त्यांना दुसरा मान नव्हता. हवाही नव्हता.

तो मान मी त्यांच्याकडून काढून घेतला. येतो – त्याच्याकडेच येतो आहे.

हिवाळ्यातली दुपार होती. दुसरबीडच्या पुढे आतल्या बाजूला एक गाव आहे, तिथे माझी मावशी दिली होती. मामांची थोरली बहीण. ती गेल्याचा फोन आला. आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते भावानं आणायचं. ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. सासरचं कपाट भरलेलं असलं तरी चालत नाही – बाई कोणाची तरी होती, हे त्या लुगड्यानं दाखवायचं असतं. इतर वेळी मी अशा चालीरीतींवर दोन टोमणे मारले असते. त्या दिवशी मारले नाहीत, एवढं तरी नोंदवून ठेवतो.

मामांनी दुकानात अर्धा तास घेतला. हिरवं, नऊवारी, काठ रुंद. दुकानदार म्हणाला, एवढं भारी कशाला, जाळायचंच तर आहे. मामांनी पैसे मोजून दिले. मग ते पुडकं मांडीवर घेऊन माझ्या शेजारी पुढे बसले. अडीच वाजले होते. सव्वा तासाचा रस्ता. सूर्य मावळायच्या आत पोचणं काही अवघड नव्हतं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मावशीचं गाव आधी नदीच्या काठी होतं. धरण झालं, पाणी आलं आणि गाव उठून वर माळावर गेलं. नवीन गावात मामा दर दिवाळीला जायचे, भाऊबीजेला. मी? गाव वर गेल्यापासून आठ वर्षांत एकदाही नाही. म्हणून मला रस्ता माहीत नव्हता. म्हणून मी पाटीला विचारलं. शेजारी रस्ता जाणणारा माणूस बसलेला असताना काचेवरच्या पाटीला विचारलं – याला काय म्हणायचं?

बीबी गेलं, दुसरबीड आलं. पाटीतली बाई म्हणाली, डावीकडे वळा. मामा म्हणाले, "अरे मधू, डावीकडं काऊन? तो जुन्या गावाचा रस्ता हाय. पुढच्या शाळेपासून वळ."

मी म्हणालो, हा जवळचा दाखवतो आहे, मामा. बारा मिनिटं.

"जवळचा हाय. पन गाव तिथं नाई."

मी वळलो. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा जोरात. आणि मी – वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराला बोलावं तसं – त्यांना म्हणालो, "मामा, तुमचे रस्ते आता जुने झाले. ही एसटी नाही."

त्यानंतर मामा पुडक्यावर हात ठेवून समोर पाहत राहिले. मध्ये माझा मावसभाऊ दिलीप, म्हणजे मावशीचा मुलगा, त्याचा फोन आला. कुठं हा तुमी? पाटीवर पाहून मी सांगितलं, बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांच्या भरवशावर त्यांनी तिरडी बांधली आणि थांबून राहिले.

रस्ता आधी डांबरी होता, मग मुरुमाचा, मग नुसता. दोन्ही बाजूंना कपाशी. मग कपाशीही संपली आणि समोर पाणी दिसलं. शांत, निळं, पलीकडचा काठ धूसर. बाई म्हणाली, तुम्ही तुमच्या ठिकाणी पोचला आहात.

काठावर एक कोळी जाळं झटकत होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "जुनं गाव पाह्यजे का साहेब? ते खाली हाय." पाण्याकडे बोट दाखवून, अगदी सरळ चेहऱ्यानं. असे आधीही कोणी कोणी आले असावेत. नकाशावर गावाचं नाव होतं तिथेच राहिलं होतं, गाव उठलं तरी. नकाशा जुना असू शकतो, हे मी तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. त्याच्यावर दोन मार्कांचा प्रश्नही काढायचो.

गाडी वळवायला गेलो तर मागची चाकं ओसरलेल्या पाण्याच्या गाळात बसली. काळी माती ओली असली की सोडत नाही. फोनला रेंज नव्हती. कोळी वस्तीवर जाऊन ट्रॅक्टर घेऊन आला, त्यात तास गेला. मामा गाळात उतरले, चप्पल हातात, पुडकं काखेत. आणि पंचाहत्तरीचा तो माणूस मला स्टिअरिंग कसं धरायचं ते सांगत होता – हळू, शांतपणे, जणू काही झालंच नव्हतं. गाडी निघाली. पुढचा रस्ता त्यांनीच सांगितला. पाटी मी बंद केली नव्हती, ती सारखी मागे वळायला सांगत होती.

पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता आणि चिता पेटली होती. दिवे लागायच्या आत उरकायला हवं म्हणून त्यांनी तिला उचललं होतं. सुनेच्या कपाटातलं कोरं पातळ घातलं होतं. मामा ते पुडकं घेऊन ज्वाळेपासून दहा पावलांवर उभे राहिले. ते टाकावं की टाकू नये, हे कोणी त्यांना सांगेना. त्यांनी टाकलं नाही.

दिलीप माझ्याकडे आला. मामांकडे नाही – माझ्याकडे, कारण मी सर. त्यानं विचारलं, "काऊन एवढा उशीर झाला?"

आता तुम्हाला वाटेल, मी गोंधळलो असेन. दमलो असेन. नाही. माझं डोकं अगदी साफ होतं. चाळीस माणसं बघत होती, आणि भूगोलाच्या मास्तरनं गाडी तळ्यात नेली, हे वाक्य मला ऐकू येत होतं. मी म्हणालो –

"मामा म्हणाले, इकडून जवळ पडतं."

पाच शब्द. एवढीच ती गोष्ट.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग मान खाली घालून म्हणाले, "हाव. माह्याच ध्यानातून गेलं."

दिलीप म्हणाला, "तीस वरसं गाडी चालोली मामा, अन् बहिनीच्या गावाचा रस्ता सापडला नाई तुमाले?" मला वाचवायला मामांनी ते अंगावर घेतलं, की माझी लाज वाटून, की त्यांच्यापुरती बहीण गेली तिथेच सगळं संपलं होतं – मला आजवर कळलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

परत येताना ते मागच्या सीटवर बसले. त्यानंतर त्यांना कोणाच्याच गाडीत पुढे बसलेलं मी पाहिलं नाही.

दिलीपनं त्यांच्याशी संबंध तोडले. आईला माहेरचं लुगडं लाभलं नाही ते मामामुळे, हे त्याच्या मनात पक्कं बसलं. भाऊबीज बंद झाली होतीच. त्याच्या मुलीचं लग्न झालं, तिच्या आजीच्या सख्ख्या भावाला पत्रिका नव्हती. मला होती. मी गेलो, जेवलो. वांग्याची भाजी चांगली झाली होती. पंगतीत कोणीतरी म्हणालं, "मामाले नाई बलावलं ते बरं झालं बे, वऱ्हाड तळ्यात नेलं असतं." सगळे हसले. मी हसलो का? हसलो. थोडंसं. वऱ्हाडांचे फोन हळूहळू बंद झाले. ते हिरवं लुगडं मामांनी दुकानात परत केलं नाही आणि मामींनी नेसलं नाही, एवढं मला माहीत आहे.

आणि मी काय केलं? त्याच आठवड्यात नकाशातली चूक कळवली. गावाची खूण पाण्यातून उचलून माळावर ठेवायला दोन मिनिटं लागली. काही दिवसांनी आभाराचा संदेश आला. आता त्या गावाला जाणारा कोणी चुकत नाही.

संधी नव्हती असं म्हणू शकत नाही. दर नोव्हेंबरात मामा माझ्याकडे यायचे, पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला. तो आता त्या पाटीवरच निघतो – चेहरा समोर धरायचा, डोळे मिचकवायचे. सहा वर्षं, सहा वेळा. आम्ही दोघं खेटून बसायचो, समोर ती पाटी. मामा विचारायचे, "मी जिता हाव हे इले दिसते ना बरोबर?" घरात दुसरं कोणी नसायचं. बायको चहा टाकायला गेलेली असायची. मी म्हणायचो – मामा, डोळे मिचकवा. ते मिचकवायचे. दाखला निघायचा. चहा पिऊन ते पायी घरी जायचे.

गेल्या वर्षी मामा गेले. तेराव्याला मंडप टाकला होता, शोकसभा ठेवली होती. आमच्याकडे हल्ली मेलेल्या माणसाचीही सुटका नाही, भाषणं होतातच. एक पुढारी मामांचं नाव दोनदा चुकला. दुसरे एक जण म्हणाले, मामांना जिल्ह्यातले सगळे रस्ते माहीत होते – आणि थांबले. मंडपात थोडी खसखस पिकली. त्या थांबण्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. खरा अर्थ माहीत असलेला मी एकटाच उरलो होतो.

मग माईक माझ्या हातात आला. दिलीपही आला होता, शेवटच्या रांगेत खांबाजवळ बसला होता. त्या दिवसानंतर पहिल्यांदा तो मामांच्या दारात आला होता. पाचच शब्द परत घ्यायचे होते.

मी मामांच्या साधेपणावर बोललो. शिस्तीवर बोललो. कष्टाळू पिढीवर बोललो, ते जरा लांबलं. सहा मिनिटं बोललो आणि बसलो.

मंडपवाला जवळ येऊन हळूच म्हणाला, सर, माईक सुरूच नव्हता.