झाकणं उघडणारे डॉक्टर

इनास डॉक्टर घरात शिरले की थेट चुलीकडे! रोगी ओसरीवर कण्हत असायचा आणि पापडी गावचे हे डॉक्टर स्वयंपाकघरात एकेक झाकण उघडून हुंगत असायचे. म्हणायचे, "माणूस खोटं बोलतं बाबा, भांडं नाही बोलत."

स्वातंत्र्यानंतर दहाएक वर्षांनी ते गिरीजला आमच्याकडे आले, माझ्या शकूसाठी. अंगावर पीत होती तोवर पोर लोण्याचा गोळा! उष्टावण झालं आणि ओकू लागली, पिवळी पडली, पोट टम्म, हातपाय काड्या. आमची केळीची वाडी. अशक्त बाळाला काय द्यावं हे आम्हाला कोण शिकवणार? सुकवलेल्या केळ्याची पेज, वर गूळ. पोर खंगत होती, पेज दाट होत होती.

डॉक्टर आधी जंत म्हणाले, मग कावीळ. दर वेळी लालभडक गोड औषध. दर बाटलीगणिक शकू आणखी मलूल.

त्या दिवशी ती डोळेच उघडेना. डॉक्टर झाकणं उघडत सुटले. शकूची पेज. सगळ्यांची शिकरण. कोपऱ्यात बोंबलाचं कालवण.

"हे वेगळं कोणाचं?"

"माझं," मी म्हणालो. "गोड खाल्लं की मला ओकारी येते."

माझी आई कडाडली, "उष्टावणापासनं! केळं दिसलं की तोंड मिटायचा मेला. मारूनसुद्धा पाहिलं!"

डॉक्टर गर्रकन वळले. "तोंड उघड!"

मला वाटलं, यांचा रोगी चुकला.

"एक दात किडलेला नाही! या गूळ-केळ्यांच्या गावात? बायको कोण तुझी?"

"मामाची मुलगी."

"म्हणजे दोन्हीकडून एकच रक्त!" डॉक्टर अक्षरशः नाचले. "गाढवा, तुला तोंड मिटता आलं. हिला कोण मिटू देतंय? केळं बंद, गूळ बंद, फळं बंद. आणि हेही!" स्वतःचीच बाटली त्यांनी परसात ओतली.

"नक्की ना, डॉक्टर?" बायकोने विचारलं.

"नाही. पण हिचा बाप जिवंत आहे, एवढाच माझा पुरावा."

मग फक्त बायकोच्या अंगावरचं दूध आणि मीठ घातलेली भाताची पेज. आठवड्याभरात शकूने माझी मिशी ओढली! फळा-गुळातली साखर न पचण्याच्या त्या रोगाचं लांबलचक नाव आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं. डॉक्टरांना ते कधीच ठाऊक नव्हतं.

शकूच्या लग्नात पेढा तिच्या ओठाशी आला, तसे म्हातारे डॉक्टर मंडपातून गरजले, "मीट तोंड!" घाबरून जावईबापूंनी स्वतःचंच मिटलं.

पुढच्याच वर्षी डॉक्टर गेले. नंतर शकूच्या मुलाचं उष्टावण झालं. तिने चमचा पुढे केला, पोराने ओठ घट्ट मिटले. आग्रह कोणीच केला नाही. माझी आई तर नाहीच नाही. तीच आधी उठली आणि चुलीवरच्या भांड्याचं झाकण उघडून हुंगू लागली.