ट्रकच्या छतावरचं झाकण

आमचा ट्रक लष्कराच्या लिलावातला होता. यजमानांनी तो घेतला तेव्हाच त्याचं अर्धं आयुष्य कुठल्या तरी छावणीत सरलेलं होतं. हिरव्या रंगावर त्यांनी निळा रंग दिला, मागे नवी फळ्यांची बॉडी बांधून घेतली. पण केबिन तशीच राहिली. तिच्या छताला, ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या बरोबर वर, परातीएवढं गोल भोक होतं आणि त्यावर जाड लोखंडी झाकण. लष्करातले जवान त्यातून डोकं बाहेर काढून उभे राहत असावेत. आमच्याकडे त्याचा उपयोग एवढाच, की उन्हाळ्यात ते उघडलं की वारा यायचा.

त्या झाकणाची बिजागरी एक दिवस गंजून तुटली. यजमान म्हणाले, "करू सावकाश." मग ते तारेवर आलं. आतल्या कडीतून तार ओवायची, सीटमागच्या दांड्याला पीळ देऊन बांधायची. वारा हवा असला की तार सैल करायची आणि झाकणाखाली लाकडाचा तुकडा सारायचा. असं वर्षभर चाललं.

मी तेव्हा धुळ्याला देवपुरात एका शाळेत शिकवत होते. मे महिन्याच्या सुटीत फैजपूरला माहेरी गेले होते. परतायच्या वेळी लग्नसराईमुळे एस.टी.त पाय ठेवायला जागा नव्हती. यजमान केळी भरायला तिकडेच आले होते, म्हणून मी ट्रकनेच निघाले. थोडे घड धरणगावच्या एका व्यापाऱ्याला द्यायचे होते, बाकीचा माल धुळ्याचा. त्यामुळे जळगावहून आम्ही धरणगावच्या रस्त्याला लागलो.

दुपारचे दोन वाजले असतील. केबिन भट्टीसारखी तापली होती. पाळधी येईपर्यंत झाकण उघडं होतं. पण मग वारं इतकं गरम झालं, की डोळ्यांत धूळ नि अंगावर झळा. यजमान म्हणाले, "अगं, ते लावून घे. तार नीट पिळ."

मी लाकडाचा तुकडा काढला, झाकण खाली ओढलं. तार हाताला चटके देत होती. तीन-चार वेढे द्यायचे ते मी एकच दिला, टोक दांड्यामागे खोचलं आणि पदराने हात पुसत बसले. हे मला अगदी स्वच्छ आठवतं. एकच वेढा.

पुढे एक सायकलवाला दिसला. पांढरी टोपी, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. आम्ही हॉर्न दिला, तो कडेला सरला, आम्ही त्याच्या पुढे गेलो. लगेच समोरून एक भरलेला ट्रक वेगात आला. अरुंद रस्ता, दोन्ही गाड्या एकमेकींना घासून गेल्यासारख्या गेल्या. त्या हवेच्या धक्क्याने आमची अख्खी केबिन हलली. डोक्यावर खाडकन आवाज झाला आणि एकदम लख्ख ऊन माझ्या मांडीवर पडलं.

झाकण नव्हतं. मागच्या ताडपत्रीवर ते एकदा आपटल्याचं ऐकू आलं आणि मग काहीच नाही.

"अहो, थांबवा! मागे सायकलवाला आहे!"

भरलेली गाडी, ती काय लगेच थांबते? थांबेपर्यंत आम्ही बरेच पुढे गेलो होतो. मी उडी मारून उतरले आणि मागे पाहिलं. रस्त्यावर धूळ. सायकलवाला कुठे दिसेना.

आम्ही धावत सुटलो. माझी एक चप्पल वाटेत राहिली. डांबर पोळत होतं तेही कळत नव्हतं. जवळ आलो तशी आधी सायकल दिसली, आडवी पडलेली. तिचं हॅंडल वाकडं झालं होतं. एक कॅन मधोमध चिरला होता आणि पांढरं दूध डांबरावरून काळ्या मातीत चाललं होतं. कडेला टोपी पडली होती. माणूस नव्हता.

यजमान थबकले. मीही थबकले. दोघांपैकी एकाचंही पाऊल पुढे पडेना. मला वाटलं, आता पुढे जाऊन जे दिसेल ते आयुष्यभर डोळ्यांपुढून हलणार नाही. माझ्या मनात एकच चाललं होतं : तो एक वेढा. याला घरी बायको असेल, ती आत्ता चुलीपाशी असेल, तिला काही माहीत नाही, आणि तिचा माणूस मी मारला.

"तू गाडीत जाऊन बस," यजमान म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. अपघात झाला की लोक जमतात, ड्रायव्हरला बडवतात, गाडी पेटवतात, हे आम्ही दोघं जाणून होतो. कापसाच्या एका मोकळ्या वावरातून दोन माणसं आमच्याकडे पळत येताना दिसत होती.

"मी नाही जाणार," मी म्हटलं.

तेवढ्यात रस्त्याच्या खालून आवाज आला. तिथे पाण्याची मोरी होती. वाकून पाहिलं तर मोरीच्या तोंडाशी तो माणूस उकिडवा बसलेला, दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरून. कोपरं सोलवटली होती. झाकण त्याच्यापासून चार हातांवर मातीत उभं रुतलं होतं. ते येताना पाहून त्याने सायकल सोडली होती आणि खाली उडी टाकली होती.

यजमान उतरले, त्याच्या खांद्याला हात लावला. तो दचकला. वर न बघताच म्हणाला, "आखो काही येस का?"

अजून काही उडत येतंय का, असं तो विचारत होता. मी मोरीच्या कठड्यावर बसले आणि रडू लागले.

वावरातली माणसं पोचली. त्यांनी सायकल पाहिली, दूध पाहिलं आणि एकाने सरळ यजमानांची कॉलर धरली. यजमानांनी हात उचलला नाही. दुधवाला मोरीचा दगड धरून कसाबसा उभा राहिला.

"सोडी द्या त्याले," तो म्हणाला. "मी जित्ता शे ना."

त्या माणसाने कॉलर सोडली. पण जाईपर्यंत तो शिव्या देत होता. आम्ही ऐकून घेतल्या. दुधवाल्याला ट्रकमधून त्याच्या गावापर्यंत पोचवतो म्हटलं, तर तो हात जोडून मागे सरला. त्या गाडीत बसायला तो तयारच होईना. शेवटी यजमानांनी त्याची सायकल सरळ केली, पुढचं चाक पायांत धरून हॅंडल सरळ केलं, आणि तो ती हातात धरून चालत गेला.

झाकण उचलायला आम्हा दोघांचे हात लागले. एका बाजूने त्याची कड वाकली होती.

"धुळ्याला गेल्यावर करून घेऊ," यजमान म्हणाले. "हे मागे मालावर टाकतो."

"धरणगावात बिजागरी बसल्याशिवाय मी पुढे येणार नाही."

"अगं, माल तापतोय."

"तापू दे."

झाकण आम्ही केबिनमध्ये माझ्या पायांशी ठेवलं. धरणगावपर्यंत मी दोन्ही पाय त्यावर दाबून बसले होते, जणू ते पुन्हा उडणार होतं. डोक्यावरच्या भोकातून ऊन येत होतं. पण वर बघायचं धाडस मला झालं नाही.

धरणगावात व्यापाऱ्याचे घड उतरवले आणि त्याच्याच आळीत एक म्हातारा वेल्डिंगवाला सापडला. सगळे त्याला नाना म्हणत. नानांनी वाकलेली कड ऐरणीवर ठोकून सरळ केली. जुनी बिजागरी छिन्नीने उडवली आणि जाड पट्टीच्या नव्या दोन बिजागऱ्या केल्या. आम्ही एकच सांगितली होती. वेल्डिंगच्या आधी त्यांनी केबिनमधला केळीच्या पानांचा पाचोळा आम्हाला झाडून काढायला लावला, सीटवर ओलं पोतं टाकलं. ठिणग्या आत पडू लागल्या तशी मी पाण्याची बादली घेऊन दाराशी उभी राहिले. एक ठिणगी पोत्याच्या कडेला धुमसली. मी अख्खी बादली ओतली. नाना वरून ओरडले, "अक्का, मला पण भिजवता का?"

मग ट्यूबचं रबर गोल कापून खाली बसवलं आणि आतून जाड कडी लावली. झालं म्हटल्यावर मी सीटवर उभी राहिले आणि दोन्ही हातांनी, मग खांद्याने, झाकणाला खालून धक्के दिले. ते तसूभर हललं नाही. तरी मी पुन्हा दिले. नाना खाली उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "बस करा आता. छत निघेल, झाकण नाही निघायचं."

अमळनेर मागे पडल्यावर मी यजमानांना सांगितलं. "मी एकच वेढा दिला होता. हाताला चटका बसला म्हणून."

त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "पाळधी सोडल्यापासून ते खडखडत होतं. मला ऐकू येत होतं. वाटलं, पोचू असेच."

मी हात वर करून कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली.

आठ-दहा दिवसांनी यजमान पुन्हा केळी भरायला निघाले, तेव्हा मी हट्टाने बरोबर गेले. धुळ्याच्या बाजारातून नवा कॅन घेतला होता. पाळधीच्या अलीकडे समोरून तोच दुधवाला येताना दिसला. त्यानेही आमची निळी केबिन लांबूनच ओळखली. आम्ही थांबायच्या आत तो सायकलवरून उतरला, सायकल ढकलत रस्ता सोडून पार वावरात जाऊन उभा राहिला. मी कॅन घेऊन ढेकळांतून त्याच्याकडे चालत गेले. त्याने कॅन घेतला; पण त्याचे डोळे माझ्याकडे नव्हते, ट्रकच्या छताकडे होते. आमची गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच उभा होता.