बकारामनं अडवून धरलेलं विमान

कामठ्याच्या बकारामला लोक पाठीमागे 'विमानाचा कोतवाल' म्हणत आणि तोंडावर बकारामजी. दोन्ही त्याला चालायचं. अंगानं काटकुळा, मिशीनं भारी, आणि हट्टी इतका की मारका बैलसुद्धा त्याला पाहून आधी वाट सोडी. लढाईच्या काळात इंग्रजांनी गावाजवळ विमानांसाठी पट्टी बांधली होती. लढाई संपली, इंग्रज गेले, पट्टी राहिली. महिन्याकाठी दोन-चार विमानं उतरायची. त्याआधी पट्टीवरची गुरं हाकलायची, वारा दाखवणारी कापडी नळी फाटली तर शिवायची, आणि विमान सुटताना झेंडा दाखवायचा, हे बकारामचं काम. लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे जा. त्याला अक्षर लिहिता येत नव्हतं. पण एकदा एका बड्या साहेबाचं विमान त्यानं पाव तास उन्हात उभं ठेवलं होतं, कारण नागपूरचा होकार आला नव्हता. साहेब आतून ओरडून थकले, हा ढिम्म.

हा कडवेपणा कुठून आला, ते गावाला ठाऊक होतं. पट्टीवर लागण्याआधी अकरा वर्षं बकाराम गावच्या तलावाचा पाणकर होता, म्हणजे तलावाचं पाणी शेताशेताला वाटणारा माणूस. आपल्याकडची रीत अशी की धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पाणी सोडेल तो पाणकरच. पाटील असो नाहीतर पाटलाचा बाप, स्वतःच्या हातानं कोणी धुरा, बांधीभोवतीचा मातीचा बांध, फोडायचा नाही. आणि पाणकरानंही खालच्या बांधीतलं पाणी उतरल्याशिवाय वरचं सोडायचं नाही. एका साली त्याचा मामेभाऊ केशोराव हातापाया पडला, माझा धान वाळून चालला म्हणाला. भीड भिकेची बहीण! बकारामनं खालच्या बांध्या तुडुंब असताना वरचं पाणी सोडलं. दुपारपर्यंत खालचे चौदा धुरे एकामागून एक फुटले आणि नऊ घरांचा निसवलेला धान आडवा झाला. कोणी त्याला मारलं नाही, शिवीही दिली नाही. पुढच्या साली पाणकर नेमताना त्याचं नाव कोणी घेतलं नाही, एवढंच. ते त्याला माराहून जास्त लागलं.

तर आता एकोणीसशे पंचावन्नच्या जानेवारीची गोष्ट. त्याची मुलगी रुख्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आदल्या संध्याकाळपासून कळा सुरू होत्या आणि मूल आडवं आलं होतं. बायजाबाई म्हणजे गावची सुईण, शंभर पोरं तिच्या हातावर जन्मलेली. सकाळी तीच हात टेकून बाहेर आली.

"हे माह्या हातचं काम नोहे," ती म्हणाली. "पोट फाडाव लागन. नागपूरले न्या, आन् आत्ताच न्या."

गोंदियाहून नागपूरची सकाळची गाडी सुटून गेली होती. दुसरी दुपारी, तीही कधी पोचेल ते तिच्या इंजिनाला माहीत. देवकाबाईनं, रुख्माच्या आईनं, पदर तोंडात कोंबला. आणि नेमकं त्याच सकाळी पट्टीवर एक लहानसं विमान उभं होतं. रायपूरकडून नागपूरला निघालेलं, पण नागपूरवर दाट धुकं म्हणून वाटेत इथंच उतरवलेलं. बकारामनं कप्तानापुढे हात जोडले. कप्तान भला माणूस. त्यानं मागच्या खुर्च्या काढल्या, खाली सतरंजी अंथरली. रुख्माला खाटेवरून आणून आत निजवलं. शेजारी बायजाबाई बसली. आयुष्यात रेल्वेत न बसलेली बाई विमानात बसली, आणि तिला त्याचं भानही नव्हतं.

पट्टीच्या कडेला एक खोली होती. तिथं छोटेलाल हा गोंदियाचा वायरलेसबाबू कानाला यंत्र लावून बसे. नागपूरचा शब्द त्याच्याकडे यायचा, त्याचा शब्द बकारामकडे, आणि बकारामचा झेंडा कप्तानाकडे. साडेनऊला छोटेलाल खोलीबाहेर आला तो मान हलवतच.

"कोहरा छट गया," तो म्हणाला, "लेकिन नागपूरनं कोणालाच सोडू नका म्हटलंय. सकाळपासून अडकलेली सगळी विमानं एकदम तिकडे धावलीत. पाच तर वरच चकरा मारताहेत."

बकारामनं लाल झेंडा वर केला.

जावई गोवर्धन धावत आला. गोरेगावकडचा तरणा, रागीट गडी. "मामाजी, आभाळ त साफ हाय! कायले थांबवून राहिले?"

"आपलं साफ हाय, जवाईबापू. तिकडलं भरलं हाय."

कप्तानानं विमानातून डोकं काढलं. "चाचा, मी वर गेल्यावर त्यांना सांगतो आत पेशंट आहे. ते मला आधी उतरवतील."

हे बकारामला पटण्यासारखं होतं. पटलंही. त्याचा हात किंचित खाली आला. मग त्यानं विचारलं, "आन् नाही उतरवलं त? तेल किती हाय?"

"नागपूरपर्यंतचं, आणि त्याशिवाय आणखी वीस मिनिटांचं."

बकारामनं छोटेलालला आत पिटाळलं. विचार म्हणाला, बाई अडलेली आहे, आधी घेता का. सात-आठ मिनिटांनी उत्तर आलं. उतरताना एका विमानाचं चाक फुटलं होतं आणि ते पट्टीच्या मधोमध बसलं होतं. ते हलल्याशिवाय राजा आला तरी उतरता येणार नाही. हलवायला किती वेळ, ते सांगता येत नाही. ते हललं की आधी तुम्हाला जागा देऊ, पण तोवर जमिनीवरच थांबा.

जमिनीवर थांबा! सांगणाऱ्याचं काय जातं? सांगणाऱ्याच्या कानात लेकीच्या किंकाळ्या नव्हत्या. बकारामच्या होत्या. वीस पावलांवर विमानाचं दार उघडं होतं आणि आतून रुख्मा "बाबा, ओ बाबा" म्हणून हाका मारत होती. तो पाठ करून उभा राहिला. दहा वाजले. सव्वादहा झाले. देवकाबाई येऊन त्याच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "अजी, सोडा ना जी. देवाच्या भरवशावर सोडा." त्यानं लाल झेंडा आणखी उंच धरला.

साडेदहाला किंकाळ्या थांबल्या आणि नुसतं कण्हणं उरलं. ते ऐकून गोवर्धनचं डोकं फिरलं. "तुमीच मारून राहिले पोरीले!" असं ओरडून त्यानं सासऱ्याच्या कमरेला खोचलेला हिरवा झेंडा हिसकला आणि पट्टीकडे पळत जाऊन तो हलवायला लागला. कप्तान तरी दगड थोडाच होता? तोही याचीच वाट पाहत होता. हिरवा दिसताच त्यानं इंजिन सुरू केलं. पंखा फिरला, धूळ उडाली, विमान हललं.

बकाराम पळाला. साठीच्या जवळ आलेला माणूस, पायात वहाण नाही, पट्टीच्या बरोबर मध्यावर जाऊन उभा राहिला आणि लाल झेंडा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. विमान समोरून येत होतं. आत त्याची मुलगी होती आणि बाहेर तो. देवकाबाईनं डोळे मिटले. दहा-बारा हातांवर विमान थांबलं, पंखा थांबला, आणि कप्तान हिंदीत जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"शिव्या द्या साहेब," बकाराम म्हणाला. तो रडत होता. "पन वर पाठवून फिरवत ठेवाले मी पोरगी नाही देनार. इथं निदान बायजा हाय, पानी हाय, पायाखाली जमीन हाय. तेल सरलं त वर काय हाय?"

कप्तानानं डोकं आत घेतलं. गोवर्धननं हिरवा झेंडा आणून सासऱ्याच्या हातात दिला. बायजाबाई आत रुख्माच्या पोटावर हात ठेवून बसली होती आणि मधूनच "जीव हाय, हाय अजून" एवढंच सांगत होती. ती वीस मिनिटं बकारामनं कशी काढली ते त्यानं पुढं कधी कोणाला सांगितलं नाही.

दहा पंचावन्नला छोटेलाल खोलीतून ओरडतच निघाला. "निघालं! चाकवालं हटलं! अकराला सोडा, पहिला नंबर तुमचा, खाली गाडी तयार ठेवतायत!"

अकराच्या ठोक्याला बकारामनं हिरवा झेंडा दाखवला. विमान कापडी नळीवरून वर चढलं आणि पश्चिमेला दिसेनासं झालं. तो तिथंच उकिडवा बसला. पाऊण तासानं छोटेलालनं सांगितलं, विमान एकही चक्कर न मारता सरळ उतरलं. ज्या विमानांनी वर चकरा मारल्या होत्या त्यातलं एक तेल संपत आलं म्हणून शेतात उतरवावं लागलं होतं. दिवस मावळताना पुन्हा खबर आली की पोट उघडून मूल काढलं, मुलगी आहे, दोघी जिवंत आहेत. देवकाबाईनं हंबरडा फोडला तो आनंदाचा. बकाराम उठला आणि पट्टीवर आलेली गुरं हाकलायला गेला.

वीस दिवसांनी रुख्मा आगगाडीनं गोंदियाला आणि तिथून बैलगाडीनं कामठ्याला आली. गोवर्धननं सगळ्या गावासमोर सासऱ्याचे पाय धरले. केशोरावही आला होता. गाव बकारामचे गोडवे गाऊ लागलं, ते कोणाचेही गातंच. पाहुणे पांगल्यावर रुख्मानं पोर बापाच्या मांडीवर ठेवली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी सोडलं असतं त आमी वरच फिरत राह्यलो असतो, हे कप्तानानं सांगतलं मले. ते समजते. पन मी हाका मारून राहिली होती. वीस पावलं होती. तुमी एकदाबी काऊन नाही आले?"

बकारामनं मान वर केली नाही. "आयकू येत होत्या," तो म्हणाला. "सगळ्या आयकल्या. पन जवळ आलो असतो, तुह्या तोंडाकडे पाह्यलं असतं, त मी तुले वर सोडून देल्लं असतं, बाई."

रुख्मानं पोरीचं टोपडं सारखं केलं. मग "मान धरा तिची नीट" एवढं म्हणाली आणि आईनं हाक मारली म्हणून आत गेली.