शिंका मंजूर, मांजर कायम

फोन आला तेव्हा मी ऑफिसात पुढच्या आठवड्याच्या मीटिंगा लावत होते. आखातातच, आमच्यापासून गाडीने अडीच तासांवर असलेल्या रास अल खैमाहून दादाच्या कारखान्यातला सहकारी बोलत होता. "दीदी, आप आ जाइए..." एवढंच म्हणून तो थांबला, आणि त्या थांबण्यातच मला सगळं कळलं. माझा मोठा भाऊ अविनाश, टाइल्सच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर, कामावर असतानाच छातीत कळ येऊन गेला. हृदयविकार. हे इथेच स्पष्ट लिहून टाकते, कारण गेले काही आठवडे हे मला ज्याला त्याला सांगावं लागलंय. माझ्या भावाला मांजराने मारलं नाही.

दादाला मांजराची ॲलर्जी होती आणि दादाकडे मांजर होतं. हिवाळ्यात भट्टीतून निघालेल्या कोमट टाइल्सच्या थप्पीवर आवारातलं एक पिल्लू येऊन बसायचं. एकदा ते फोर्कलिफ्टखाली सापडता सापडता वाचलं, तेव्हा दादा त्याला खोक्यात घालून फ्लॅटवर घेऊन आला. संध्याकाळी मला फोन केला, पण शिंकांमुळे त्याचं एक वाक्य धड पुरं होईना. "उद्या सकाळी बाहेर. खलास!" म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. आठवडाभर हेच चाललं, आणि शेवटी मांजरीचं नावच खलास पडलं.

मग मीच त्याला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे मांजर देऊन टाकणं. दादाने शांतपणे विचारलं, "आणि दोन नंबरचा?" डॉक्टर हसले, पण त्यांनी छाती नीट तपासली, दमा नाही याची खात्री केली आणि मगच दोन नंबरचा उपाय सांगितला. दमा असता तर मांजरीचं खोकं मी स्वतः उचलून बाहेर नेलं असतं, हेही सांगून ठेवते. दादाने गालिचा काढला, कापडी सोफा देऊन रेक्झिनचा आणला, नाकात रोज फवारा सुरू केला. कारखान्यात धूळ कधी कोरडी झाडायची नाही, ओलीच पुसायची, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. तोच कायदा त्याने मांजरीला लावला. कामावरून आला की मास्क लावून तिला ओल्या फडक्याने पुसायचा, आणि ती एखाद्या बेगमेसारखी पुसून घ्यायची. वहिनी मुलीच्या कॉलेजसाठी सांगलीत राहायची. ती व्हिडिओ कॉलवर हे बघून भडकायची. "माझ्या अगरबत्तीने तुमचं डोकं दुखायचं, आणि हिच्यासाठी रोज नाकात फवारे!"

शेवटची भेट ईदच्या सुट्टीतली. आमच्या घराण्यात सगळ्यांची नाकं एकाच साच्यातली, त्यामुळे दारातच मला शिंका सुरू झाल्या. दादाने मास्क पुढे केला. मी म्हटलं, "पाहुण्यांना चहाआधी मास्क देणारं तुझं एकच घर असेल." "पाहुण्यांना चालत नसेल तर यल्ला, चला, पाहुण्यांनी बाल्कनीत बसावं," तो म्हणाला. "ती घरची आहे." मी खरंच बाल्कनीत बसून चहा प्यायले. काचेपलीकडून दोघं माझ्याकडे बघत होती...

तो गेल्यावर त्याला सांगलीला पोचवण्याची कागदपत्रं झाली, आणि मग कंपनीचा फ्लॅट रिकामा करायचा होता. मी याद्या करणारी बाई. पलंग कोणाला, मिक्सर कोणाला, टीव्ही कोणाला, सगळं तासाभरात मार्गी लावलं. मांजर कुठल्याच रकान्यात बसेना. इथे व्हिसा संपला की सोफा विकला जातो आणि मांजर बिल्डिंगखाली कचऱ्याच्या डब्यापाशी राहतं. मी कितीदा पाहिलंय. श्रीकांत, माझा नवरा, म्हणाला, "सुमा, तुला स्वतःला ॲलर्जी आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"मग पडदे काढायचे, गालिचा काढायचा. यल्ला, खोकं उचल."

मुलगा म्हणाला, "आई, शी इज मामाज कॅट. व्हॉट इज देअर टू डिस्कस?" त्याच्याकडून मला याहून जास्त मराठीची अपेक्षाही नव्हती.

मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरी मांजर आल्याची बातमी मी कळवण्याआधीच सांगलीला पोचली. माझ्या मामांचा फोन आला. "ॲलर्जी असताना घरात मांजर... छातीवर परिणाम होणारच गं. आता तू तरी ती ब्याद काढ." मी म्हटलं, "मामा, बाबाही असेच गेले, साधारण याच वयात. आपल्या घरात तेव्हा कुठलं मांजर होतं?" मग सांगून टाकलं, "आणि ब्याद आत्ता माझ्या मांडीवर आहे. ठेवते."

वहिनीच्या फोनची मात्र मला धास्ती होती. ती म्हणाली असती, काढ, तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. तिने विचारलं, "ती खाते का नीट?" मी म्हटलं, आधी खात नव्हती, आता खाते. वहिनी म्हणाली, "मी बोलत असताना हे मध्येच तिला काहीतरी सांगायचे. मी चिडायचे... पण इतकी वर्षं एकटे होते. घरात बोलायला कोणी होतं, एवढं तरी झालं." त्या दिवसानंतर मी कोणालाच काही समजावत नाही.

झोपायची खोली तिला बंद, हा दादाच्या घरचा नियम मी चालू ठेवलाय. एका रविवारी दुपारी मी आडवी झाले, तर दाराखालच्या फटीतून एक पंजा आत आला. ओरडणं नाही, ओरखडणं नाही. नुसता ठेवून ती वाट बघत राहिली. मी कूस बदलली. पंजा तिथेच. आणि मग लक्षात आलं, दादाच्या घरी दाराच्या आतल्या बाजूने रोज कोणीतरी उत्तर देत असणार... मी उठले, गुडघे धरून फरशीवर बसले आणि बोट पुढे केलं. तिने नख न लावता ते क्षणभर दाबून धरलं, सोडलं आणि निघून गेली.

श्रीकांत जागा झाला. "खाली काय करतेस?"

"दादाचं काम," मी म्हटलं, एक सणसणीत शिंक दिली आणि हात धुवायला गेले.