तीन सेकंदांचा मासा

“आदी आइक, मंग कापते,” असं म्हणत आमची मासेवाली मावशी सुरमई विळीवर टेकवून थांबायची. गिऱ्हाईक घाईत असो नाहीतर रागात, एक नवलाची गोष्ट ऐकल्याशिवाय मासा हातात पडायचा नाही.

बोईसरच्या बाजारात तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर तिचा आवाज तुम्हीही ऐकला असेल. आता गुडघ्यांनी तिला घरी बसवलंय. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, समुद्रघोड्याची पिल्लं बापाच्या पोटात वाढतात, हे मला शाळेनं नाही, तिनं शिकवलं. कुणी नाक मुरडलं की म्हणायची, “रोमचे धोबी मुतानं कपडे धुवायचे. आन् तुला बोंबलाचा वास येतो व्हय?” मासे बांधायच्या रद्दीतलं ती सगळं वाचून काढायची. छापलंय म्हणजे खरंच, अशी तिची श्रद्धा.

मासा कापताना माझी लेक डोळे मिटून घ्यायची. मावशीनं समजूत घातली, “रडू नको बाय. माशाला तीन सेकंदांच्या वर काय आठवत नाय.” लेकीनं ते शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तक्त्यावर ठळक लिहिलं आणि बाईंनी सगळ्यांदेखत खोडलं. मासे कितीतरी महिने लक्षात ठेवतात म्हणे. पोरगी रडत घरी आली.

मी हे मावशीला हसत हसत सांगितलं. अक्कल गहाण टाकली होती मी! तिचा चेहरा खर्रकन उतरला. घरी जाऊन तिनं नवऱ्याला विचारलं. जन्म बोटीवर काढलेला तो माणूस म्हणाला, “एकदा सुटलेला मासा जाळं वळखतो. पेपरापेक्षा मला इचारायचंस!”

“आज गोष्ट खोटी निघाली,” ती दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “उद्या मासळीपण शिळी म्हनतील.” आठवडाभर एकेका गिऱ्हाइकाला थांबवून तिनं ते तीन सेकंद परत घेतले. मग टोपली घेऊन थेट शाळेत गेली. मीही सोबत होते.

“चूक माजी हाय, पोरीची नाय,” तिनं वर्गापुढं हात जोडले.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “मग तुमचं बाकीचं तरी खरं कशावरून?”

मावशीनं जोडलेले हात खाली घेतले.

“नको धरू खरं,” मावशी म्हणाली. “मासा ताजा हाय का, ते आई कल्ला उघडून बघते ना? तसंच बघायचं. मी सांगितलं तरी बघायचं.”

माझी लेक उठली आणि तिनं मावशीचा तो खवलं चिकटलेला हात धरला. घंटा झाली तरी सोडला नाही.