मामांचा अकरावा मजला

आमच्या हिच्या मामांइतक्या उंचावरून पडलेला माणूस अख्ख्या बोरिवलीत नसेल. आणि पडून झाल्यावरही ज्याची उंची वाढतच गेली, असा तर जगात दुसरा नसेल. मामा बांधकामावर मुकादम होते. आमच्या लग्नात ते तिसऱ्या मजल्यावरून पडले होते, मेहुणीच्या लग्नात नवव्या आणि आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा अकराव्या. मुळात ते पडले ती बिल्डिंग चार मजल्यांची, पण बोलणार कोण? पडता पडता सातव्या मजल्यावरच्या एका बाईंनी खिडकीतून चहा विचारला म्हणे. मामांनी घाईत असल्याचं सांगितलं. हे चालू असताना मामी मान खाली घालून वाल सोलत बसायच्या.

बाकी पडण्याच्या बाबतीत मामा भलतेच कडक. मी बल्ब बदलायला स्टुलावर चढलो की खालून माझे पाय असे आवळून धरायचे, की बल्ब लागला तरी मला उतरता येत नसे. रिटायर झाल्यावर ते रोज लंगडत आमच्या नव्या बिल्डिंगच्या कामावर जायचे आणि दिसेल त्याला हेल्मेटवरून झापायचे.

एकदा मीही बरोबर होतो. तळमजल्यावर एक गवंडी कमरेएवढ्या लाकडी घोडीवर उभा राहून छताला प्लास्टर करत होता. हेल्मेट खाली उलटं, त्यात मोबाईल आणि तंबाखूची पुडी. मामांनी आवाज चढवला, तसा तो हसला. "मामा, तुमी अकराव्यावरनं पडून ठणठणीत. मला हितनं काय होतंय?"

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. बाकीचे कामगारही हात थांबवून ऐकत होते. मला वाटलं, आता बारावा मजला निघणार.

"अकरावा-बिकरावा काय नाय रे," मामा घोडीवर हात ठेवून म्हणाले. "असल्याच घोडीवरनं पडलो मी. डोक्यावर काय नव्हतं. महिनाभर बायकोला ओळखत नव्हतो."

गवंडी खाली उतरला, हेल्मेट रिकामं केलं आणि डोक्यावर चढवलं. मला त्या क्षणी मामांचा फार अभिमान वाटला.

परवा मेहुणीच्या लेकीनं मोठ्या हौसेनं विचारलं, आजोबा, कितव्या मजल्यावरून पडलात? मामांनी कमरेशी हात धरून दाखवला, एवढ्यावरनं. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

मामी वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, ती चहा विचारणारी बाई तरी ठेवायची होती."