कुलपातल्या कॅसेटी

मधुकर ओव्हाळ सरांची माझी पहिली ओळख भिंतीपलीकडून झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला राहू गावाच्या पुढच्या एका माध्यमिक शाळेत मी इतिहास शिकवायला रुजू झालो. पहिल्याच तासाला शेजारच्या वर्गातून ढोलकीचा ठेका आणि पोरांचा कोरस ऐकू आला: 'पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मागनं आलं मॅग्नेशियम!' डोकावलो, तर टेबलावर टू-इन-वन टेप चालू आणि अख्खा वर्ग धातूंचा क्रम गातो आहे.

"या इतिहासवाले," सर म्हणाले, "तुमच्या सनावळीलाबी चाल लावून देतो. पोरं शिव्या द्यायची बंद व्हत्याल."

आज सरांची साठी साजरी होते आहे. या गौरवग्रंथात गोड लिहावं, असं मला सुचवलं गेलं. जमणार नाही. शाळा चालवणाऱ्या ज्या संस्थेच्या सभागृहात हा सत्कार आहे, तिच्याच कपाटात सरांचा तो टेप आणि मुलांच्या आवाजातल्या सगळ्या कॅसेटी कुलपात पडून आहेत. दमट हवेनं त्यांच्या फिती चिकटत चालल्या असणार. त्या वाचतील की नाही, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे. शालीचा रंग कोणता असावा, हा नव्हे.

सर वस्तीतल्या गायनपार्टीत वाढले. वडील पेटीवर, सर ढोलकीवर. अक्षर न येणाऱ्या बाया लांबलचक गाणी एक शब्द न चुकता म्हणतात, हे त्यांनी लहानपणीच पाहिलं होतं. तेच त्यांनी वर्गात आणलं. त्यांचा दंडक असा, की चाल सरांची आणि शब्द मुलांचे. ज्यानं कडवं रचलं त्याचाच आवाज कॅसेटीत भरायचा. चुकलं तर पुसून पुन्हा. शेवंती तोडायला जावं लागल्यानं ज्यांची शाळा बुडायची, त्या मुलींच्या घरी या कॅसेटी जायच्या. कल्पना नावाच्या विद्यार्थिनीची आई एकदा सरांना म्हणाली, "सर, खुरपताना माझ्याबी तोंडात तुमचं जस्त-लोखंड येतंय. सासू म्हणती, हिला येड लागलं!"

माझा घसा बसला आणि डॉक्टरांनी बोलणं बंद केलं, तेव्हा सरांनी न सांगता माझे धडे मुलांकडून गाऊन, भरून घेतले. मी खुर्चीवर गप्प बसायचो आणि टेप इतिहास शिकवायचा. माझ्यासारख्या बोलघेवड्याला एवढं सांभाळून दुसऱ्या कुणी घेतलं नाही.

मग कल्पनाची दहावीची परीक्षा आली. केंद्र दुसऱ्या गावात. विज्ञानाच्या पेपरला तिचे ओठ हलू लागले, बोटं बाकावर ठेका धरू लागली. पर्यवेक्षकांनी तिचा पेपर काढून घेतला. कॉपीचा आरोप! फाटकाबाहेर उभ्या असलेल्या सरांना आत बोलावलं.

"तुमची पोरगी खुणा करतीय," केंद्रप्रमुख म्हणाले.

"खुणा न्हाईत साहेब, चाल हाय."

"परीक्षेत चाल?"

"तुम्ही मनात हिशेब करता, तवा ओठ हलत न्हाईत व्हय? इचारा तिला कायबी."

पोरगी रडून घामेघूम झालेली. शब्द फुटेना. सरांनी केंद्रप्रमुखांच्याच टेबलावर बोटांनी ठेका धरला. दुसऱ्या आवर्तनाला तिचा आवाज फुटला आणि पोटॅशियमपासून सोन्यापर्यंत सगळे धातू तिनं रांगेत उभे केले. पेपर परत मिळाला. वाया गेलेला वेळ मात्र कुणी भरून दिला नाही. तरी ती पास झाली.

शिक्षा झाली ती सरांना! बोभाटा नको म्हणून आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीनं टेप आणि कॅसेटी जप्त केल्या. एक सभासद सरांच्या तोंडावर म्हणाले, "ही शाळा हाय का तमाशाचा फड? तुमची गायनपार्टी तुमच्या वस्तीत ठेवा."

तुमची! तुमच्या! या दोन शब्दांत अख्खी जात बसलेली होती. याच शाळेत सुभाषितं सुरात म्हटली की तो संस्कार, आणि वस्तीची पोरं ढोलकीवर विज्ञान म्हणाली की तो तमाशा! पुढं याच लोकांनी संगणक आणले, त्यांच्यापुढं नारळ फोडला, वर कापड घातलं आणि खोलीला कुलूप लावलं. यंत्राला मुलाचा हात लागू द्यायचा नाही, यालाच ते आधुनिक शिक्षण म्हणत होते. सर निवृत्तीपर्यंत डस्टरनं टेबलावर ठेका धरून शिकवत राहिले.

कल्पना आज शिक्रापुरात शिक्षिका आहेत. कारखान्यांतल्या परप्रांतीय कामगारांची मुलं त्यांच्या वर्गात संगणकावरच्या गाण्यांतून मराठी शिकतात. त्या सगळ्या कॅसेटी संगणकावर उतरवून घ्यायला त्या तयार आहेत. संस्थेत त्या दोनदा जाऊन आल्या. उत्तर एकच: "किल्ली सापडत न्हाई."

सत्काराचं सांगायला गेलो, तेव्हा सर हसून म्हणाले, "शालीचं ऱ्हाऊ द्या. कपाट उघडत्यात का, तेवढं इचारा."

म्हणून व्यासपीठावरच्या मान्यवरांना मी जाहीरपणे विचारतो: किल्ली हरवली असेल, तर कुलूप तोडायला हातोडी मी आणू का?

ओव्हाळ सरांना निरोगी, भरभरून आयुष्य लाभो. त्यांनी खुशाल शंभरी पार करावी; त्यांच्या बोटांतला ठेका तेवढा दमदार आहे. पण त्या फितींना तेवढं आयुष्य नाही. हारतुरे नंतर घाला. आधी कपाट उघडा.